हेरिटेज गाडीला आज कोणतं इंजिन? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा लागला की इंदुरात पाताळपाणी–कालाकुंड या घाटातल्या हेरिटेज गाडीची चौकशी सुरू होते आणि तिकिटाच्या मागोमाग दुसरा प्रश्न इंजिनाचा असतो. रामबागेतले आजोबा विचारतात, राजेंद्रनगरच्या शाळकरी मुलांचे आईबाबा विचारतात, पुण्यामुंबईहून आलेले पाहुणे तर हमखास विचारतात, आणि ऊटी-दार्जिलिंगला जायचं ठरवणारी मंडळीही तेच विचारतात की ऑनलाइन जे लिहिलंय त्यातलं खरं किती धरायचं. म्हणून ही सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. इथं फक्त इंजिनांबद्दल आहे, भाडं आणि सीट यासाठी रेल्वेची अधिकृत माहितीच बघा.

पाताळपाणी–कालाकुंड गाडीला वाफेचं इंजिन असतं का?

नाही. डिझेल असतं, वायडीएम-४ जातीचं, मीटर गेजचं, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनचं. हे पहिल्याच ओळीत सांगतोय कारण या गाडीच्या नावाने फिरणाऱ्या कित्येक पोस्टवर धूर सोडणाऱ्या काळ्या इंजिनाचा फोटो असतो, तो असतो ऊटीचा नाहीतर दार्जिलिंगचा, आणि तो बघून लोक घरातल्या छोट्यांना सांगून आणतात की आज झुकझुकगाडी बघायची आणि मग प्लॅटफॉर्मवर पोरं हिरमुसतात. गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ती डिझेलवरच चालते आहे. काचेच्या मोठ्या खिडक्यांचे डबे, धबधबा, बोगदे, चोरल नदी हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे, फक्त वाफ नाही.

मग हेरिटेज कसली?

लाइनची! आणि खरं सांगायचं तर इंजिनाचीही, पण ते पुढे.

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर, ते खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून. त्या पैशातून जी लाइन झाली तिचं नावच होळकर स्टेट रेल्वे. पुढे ती राजपुताना–माळवा रेल्वेत गेली, मग बीबी अँड सीआय म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे. या लाइनचा सगळ्यात अवघड तुकडा म्हणजे पाताळपाणी ते कालाकुंड, जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण चढ ४० ला १, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कालाकुंडहून वर येणाऱ्या जुन्या पॅसेंजर गाड्यांना मागून जोर द्यायला जादा इंजिन लावायचे, त्याला बँकर म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी खंडवा-अकोल्याकडे मीटर गेजने प्रवास केलाय त्यांना कालाकुंडचा तो थांबा आणि पानात मिळणारा कलाकंद आठवत असेल.

आता इंजिन. वायडीएम-४ हे मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, १९६१ पासून आपल्याकडे आलं, नंतर वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं, ताकद साधारण १३०० ते १४०० हॉर्सपॉवर. एकेकाळी मीटर गेजवर जिकडेतिकडे हेच दिसायचं. आता मीटर गेजच उरलं नाही तर हे इंजिन तरी कुठून उरणार. म्हणून माझं मत असं की याला 'नुसतं डिझेल' म्हणून हिणवू नये, आणखी काही वर्षांनी हेच बघायला लोक लांबून येतील. पण म्हणूनच त्याची माहिती नीट लिहायला हवी, त्याच्या जागी दुसऱ्याच इंजिनाचा फोटो लावून त्याला लपवायचं काय कारण?

इंजिनाची माहिती म्हणजे नेमकं काय बघायचं?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑनलाइन वाचताना सगळा गोंधळ इथंच होतो, कारण बहुतेक पानांवर या तिन्ही एकाच परिच्छेदात कालवलेल्या असतात.

पहिली म्हणजे ओळख. जात कोणती, नंबर काय, कुठल्या कारखान्यात कुठल्या वर्षी बनलं, गेज कोणतं, पूर्वी कुठं कुठं काम केलं. ही माहिती बदलत नाही, एकदा नीट लिहिली की दहा वर्षांनीही चालते.

दुसरी तब्येत. इंजिन चालू आहे, की शेडमध्ये उघडून ठेवलंय, की कारखान्यात ओव्हरहॉलला गेलंय, की चौथऱ्यावर कायमचं उभं आहे. ही महिन्या-दोन महिन्यांत बदलते.

तिसरी ड्यूटी. तुम्ही ज्या तारखेचं तिकीट काढलंय त्या तारखेला तेच इंजिन गाडीला लागणार आहे का. ही रोज बदलू शकते, सकाळी सुद्धा बदलू शकते.

जी रेल्वे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगते आणि प्रत्येकीखाली तारीख टाकते तिच्यावर भरवसा ठेवा. जिच्या पानावर 'आमचं ऐतिहासिक इंजिन' एवढंच लिहिलंय आणि खाली सुंदर फोटो, तिथं तुम्हाला फक्त ओळख मिळाली आहे, तीही अर्धी. ते इंजिन चालू आहे असं पानावर कुठंही म्हटलेलं नसतं, आपणच ते गृहीत धरतो. काकू, मामा, सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं की हॉटेल बुक करायच्या आधी तिसरी गोष्ट विचारा.

परदेशातल्या हेरिटेज रेल्वे हे कसं करतात?

ब्रिटनचं उदाहरण सगळ्यात चांगलं कारण तिथं ही चळवळ जुनी आहे. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच झालं, मग १९६० मध्ये ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे, आणि आता तर तिकडे अशा कितीतरी लाइनी आहेत. गाडी चालवण्याचा खर्च तिकिटावर आणि देणग्यांवर निघतो, त्यामुळे पाहुण्याला खरं सांगणं हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, उद्या परत यायला हवा ना तो.

तिथल्या बऱ्याच रेल्वे प्रत्येक इंजिनाचं वेगळं पान ठेवतात. त्यावर कुणी बांधलं, कधी बांधलं, कुठल्या कंपनीत होतं, भंगारातून कसं आणलं, मालक कोण, कारण पुष्कळदा इंजिन रेल्वेचं नसतंच, एखाद्या सोसायटीचं किंवा ट्रस्टचं असतं आणि रेल्वेला करारावर चालवायला दिलेलं असतं. मग स्थिती: सेवेत, ओव्हरहॉलमध्ये, ओव्हरहॉलच्या रांगेत, नुसतं प्रदर्शनात. आणि एक गोष्ट आपल्याकडे क्वचित दिसते ती म्हणजे 'बॉयलर तिकीट' कधी संपतंय ते. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे दाबाखालचं मोठं भांडं, त्याची तपासणी होऊन मुदतीचा दाखला मिळतो, तिकडे साधारण दहा वर्षांचा, आणि मुदत संपली की इंजिन पूर्ण खोलून नळ्या, प्लेट, स्टे सगळं तपासायचं, लागेल ते बदलायचं. यात काही वर्षं जातात आणि पैसा प्रचंड लागतो. तेव्हा पानावर लिहिलेलं असतं की हे इंजिन अमुक वर्षापर्यंत चालेल, नंतर बंद. ज्याला तेच इंजिन बघायचंय तो त्याप्रमाणे प्लॅन करतो, आणि ज्याला देणगी द्यायची आहे त्यालाही कळतं की पैसे कशाला लागणार आहेत.

त्याच्यावर मग रोस्टर, म्हणजे कुठल्या तारखेला कुठलं इंजिन कुठल्या फेरीला. आणि त्याखाली न चुकता एक ओळ की आयत्या वेळी बदल होऊ शकतो. ही ओळ हात झटकायला नाही लिहिलेली, पुढचा प्रश्न वाचा म्हणजे कळेल.

जाहीर केलेलं इंजिन आयत्या वेळी का बदलतं?

वाफेचं इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. थंड बॉयलरला हळूहळू तापवावं लागतं, घाई केली तर धातू असमान ताणला जातो, त्यामुळे आग आदल्या दिवशी किंवा पहाटे कितीतरी आधी पेटवतात. ठराविक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवायचा असतो, त्याला वॉशआउट म्हणतात. सकाळच्या तपासणीत एखादी नळी गळताना दिसली, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर पाणी उचलत नाहीये असं दिसलं, की ते इंजिन त्या दिवशी बाहेर पडत नाही, आणि पडूही नये. बदली इंजिन तयार असेल तर ते लागतं, नसेल तर डिझेल.

हवामानाचंही असतं. कडक उन्हाळ्यात गवत वाळलेलं असलं की ठिणगीने वणवा लागायची भीती असते, २०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये विक्रमी उष्णता पडली तेव्हा काही हेरिटेज रेल्वेंनी वाफ बंद ठेवून डिझेल लावली आणि तसं ऑनलाइन आधीच सांगितलं. लोक नाराज झाले असतील पण फसवले गेले नाहीत, माझ्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

आपल्या पाताळपाणीला वाफ नाही तरी हा प्रश्न वेगळ्या रूपात आहेच. आजूबाजूचं मीटर गेज ब्रॉड गेज झालं, त्यामुळे हा तुकडा एकटा पडलाय, रुळावरून दुसरं मीटर गेज इंजिन कुठून बोलावता येत नाही. जे आहे त्यातच भागवायचं. म्हणून दुरुस्तीसाठी फेरी रद्द झाली तर चिडू नका, फक्त ते आदल्या दिवशी कळायला हवं एवढी अपेक्षा ठेवा, ती रास्त आहे.

वायडीएम-४ ही अक्षरं कशी वाचायची?

एकदा समजलं की फार सोपं आहे आणि मुलांना तर खेळच वाटतो.

पहिलं अक्षर गेजचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. वाय म्हणजे मीटर गेज, १००० मिलिमीटर. झेड म्हणजे अडीच फुटी नॅरो गेज, ७६२ मिलिमीटर, सिमल्याची गाडी यात येते. एन म्हणजे दोन फुटी, ६१० मिलिमीटर, दार्जिलिंग आणि माथेरान यात. दुसरं अक्षर ताकद कशाची: डी डिझेल, ए म्हणजे एसी विजेवरचं. वाफेच्या इंजिनाला हे दुसरं अक्षर नसतंच, सरळ डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, वायपी, वायजी असं. शेवटचं अक्षर कामाचं: पी पॅसेंजर, जी गुड्स म्हणजे मालगाडी, एम मिश्र काम, एस शंटिंग. तर वायडीएम म्हणजे मीटर गेज, डिझेल, मिश्र काम.

आता त्या ४ चं काय? इथं खूप ठिकाणी चुकीचं लिहिलेलं सापडतं. नव्या ब्रॉड गेज डिझेल इंजिनांच्या नावात आकडा ताकद सांगतो, उदाहरणार्थ डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१०० हॉर्सपॉवर, तीन हजार आणि वर ए चे शंभर. ते वाचून कुणीतरी वायडीएम-४ म्हणजे ४००० हॉर्सपॉवर असं लिहून टाकलं आणि पुढच्यांनी कॉपी केलं. तसं नाहीये, जुन्या पद्धतीत ४ हा फक्त मालिकेतला क्रमांक आहे. एवढ्याशा मीटर गेज इंजिनात चार हजार घोडे कुठून येणार. कुठल्याही पानावर हा आकडा दिसला की समजा लिहिणाऱ्याने तपासलेलं नाही, बाकीची माहितीही जपून घ्या.

आणि ०-८-२ असे आकडे असतात ते?

चाकं. पुढची छोटी, मधली ज्यांना ताकद मिळते ती मोठी, मागची छोटी, या क्रमाने, दोन्ही बाजूंची मिळून. ऊटीचं इंजिन ०-८-२, म्हणजे पुढे काही नाही, आठ ताकदीची, मागे दोन. दार्जिलिंगचं ०-४-०, चारच चाकं आणि चारही कामाची. ही पद्धत वाफेच्या इंजिनांची आहे, डिझेलला वेगळी असते.

ऊटी, दार्जिलिंग, सिमला, माथेरान. कुठं खात्रीने वाफ मिळेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, मे महिन्यात तर रोज.

ऊटी म्हणजे निलगिरी माउंटन रेल्वे, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. ४६ किलोमीटरची लाइन पण दोन भाग लक्षात ठेवा: मेट्टुपलायम ते कुन्नूर वाफेचं इंजिन, कुन्नूर ते ऊटी डिझेल, आणि ते डिझेल म्हणजे आपलंच वायडीएम-४ बरं का! पुष्कळ लोक ऊटी ते कुन्नूर तिकीट काढतात कारण ते पटकन मिळतं, आणि मग विचारतात वाफ कुठं गेली. वाफ खाली आहे. कल्लार ते कुन्नूर या भागात रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, चढ १२ ला १ पर्यंत जातो, आणि तिथलं एक्स क्लास इंजिन स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्याचं डिझाइन आहे, चार सिलिंडरचं, दोन नेहमीची चाकं फिरवतात आणि दातेरी भाग आला की त्यांच्यातून बाहेर पडलेली वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांत जाऊन दात्याची चक्रं फिरवते. पहिली १९१४ पासून आली. अलीकडची काही मात्र तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात नव्याने बांधलेली आहेत, आणि हे मला फार अभिमानाचं वाटतं, नव्याने वाफेचं इंजिन बांधायची हिंमत आणि हात अजून आपल्याकडे आहेत. पण ऑनलाइन वर्णनात सरसकट 'शंभर वर्षं जुनं इंजिन' लिहिलेलं असतं, ते प्रत्येक नंबरला लागू नाही. नवीन आहे तर नवीन लिहा ना, त्यात कमीपणा काय आहे, उलट ती केवढी मोठी गोष्ट आहे.

दार्जिलिंग, १९९९ पासून युनेस्कोत. इथं एक गोष्ट चांगली आहे, दार्जिलिंग–घूम जॉयराइडच्या वाफेच्या आणि डिझेलच्या फेऱ्या बुकिंगमध्येच वेगळ्या दाखवतात आणि भाडंही वेगळं, त्यामुळे घोळ व्हायची शक्यता कमी. न्यू जलपायगुडीहून वर येणारी लांबची गाडी डिझेलची. वाफेची बी क्लास इंजिनं १८८९ पासूनच्या डिझाइनची, इतकी छोटी की एक माणूस पुढे बसून रुळावर वाळू टाकतो चाकं घसरू नयेत म्हणून.

सिमल्याला रोजच्या गाड्या डिझेलच्या. केसी-५२० हे वाफेचं इंजिन आहे, ते खास मागणीवर सिमला ते कॅथलीघाट अशा छोट्या फेरीला निघतं, त्याची जाहिरात बघून रोजच्या गाडीत त्याची वाट बघू नका.

माथेरान १९०७ ची लाइन, डिझेल. तिथली मूळ वाफेची इंजिनं ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची, तीव्र वळणांसाठी पुढची-मागची चाकं थोडी बाजूला सरकू शकतील अशी खास रचना, पण ती आता गाडी ओढत नाहीत.

वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं पण वाफेचं नसलेलं इंजिन, हा काय प्रकार?

अहमदाबाद–एकतानगर हेरिटेज गाडी ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, ती दिसायला वाफेची पण चालते विजेवर. माथेरानलाही एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलंय. माझा याला विरोध नाही, मुलं खूश होतात, फोटो छान येतात, कोळशाचा धूर नाही. माझी एकच अट आहे, माहितीत 'वाफेच्या इंजिनाचं रूप' हे शब्द ठळक हवेत. कारण आज जी मुलगी ते बघेल ती मोठी झाल्यावर म्हणणार मी वाफेचं इंजिन पाहिलंय, आणि तिला कधी कळणारच नाही की आगीचा चटका, पाण्याचा वास, तो धापा टाकल्यासारखा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आणि मग खऱ्या इंजिनांच्या ओव्हरहॉलसाठी पैसे कशाला हवेत असं लोकांना वाटायला लागतं, तो धोका मला मोठा वाटतो.

एकाच इंजिनाचे दोन-तीन नंबर दिसतात, खरा कुठला?

सगळेच, त्या त्या काळातले. रेल्वे कंपन्या विलीन झाल्या की नंबर बदलले. इंग्लंडचं प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन १९२३ मध्ये डॉनकास्टरला बनलं, तेव्हा १४७२, मग ४४७२, मग ५०२, १०३, आणि शेवटी ब्रिटिश रेल्वेत ६०१०३. पाच नंबर, इंजिन एकच. आपल्याकडे दार्जिलिंगचं जे १९ नंबरचं होतं ते पुढे ७७८ झालं, १८८९ चं, शार्प स्ट्युअर्ट कंपनीचं, १९६२ मध्ये अमेरिकेला विकलं गेलं आणि या शतकात तिथून इंग्लंडला आलं. ते १९ म्हणून शोधलं तर वेगळी माहिती मिळते, ७७८ म्हणून शोधलं तर वेगळी.

म्हणून शोधताना कारखान्याचा क्रमांक वापरा, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीने दिलेला, तो मालक बदलला तरी बदलत नाही. इंजिनाच्या अंगावर पितळी किंवा ओतीव पाटी असते त्यावर कंपनी, क्रमांक आणि वर्ष असतं. पाटी मात्र काढता येते, चोरीला जाते, दुसऱ्या इंजिनावर लागते, आणि ओव्हरहॉलमध्ये बॉयलरही एकाचा दुसऱ्याला बसवतात, तेव्हा नुसत्या पाटीच्या फोटोवर सगळी कुंडली मांडू नका.

गाडी कुठंय ते दाखवणाऱ्या अॅपमध्ये इंजिनाचा नंबर कळतो का?

नाही, तिथं गाडीचा नंबर आणि वेळ कळते. गाडीचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा. इंजिनाचा नंबर इंजिनाच्या अंगावर रंगवलेला असतो, तो बघूनच लिहायचा.

स्टेशनवर क्यूआर कोड असला की झालं ना?

घाटात नेटवर्क भरवशाचं नसतं. कोड स्कॅन केला आणि पान फिरत बसलं तर उपयोग शून्य. तिकीट काढतानाच माहितीची लिंक मिळावी, घरी वाचावी, लागलं तर सेव्ह करून न्यावी. आणि स्टेशनवर साधा पत्र्याचा बोर्डही हवा, जात, वर्ष, वजन, ताकद एवढं मोठ्या अक्षरात लिहिलेला, लोकमान्यनगरच्या सत्तरीतल्या आजी कोड स्कॅन करणार नाहीत, बोर्ड मात्र शेवटपर्यंत वाचतील आणि नातवाला वाचून दाखवतील.

इंदूरहून चालू वाफेचं इंजिन बघायला सगळ्यात सोयीचं कुठलं?

दिल्लीला जाणं झालं तर रेवाडी. १८९३ ची शेड आहे, आता स्टीम सेंटर. डब्ल्यूपी जातीची 'अकबर' आणि 'आझाद' ही इंजिनं तिथली, गोल तोंडावर तारा असलेली ती ऐटबाज पॅसेंजर इंजिनं, आझाद १९४७ चं अमेरिकेत बनलेलं, अकबर आपल्या चित्तरंजनचं. रोज पेटवत नाहीत, वाफेवर कधी असतील ते आधी विचारूनच जा. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयही त्याच फेरीत होतं, १९७७ चं.

आमचे फोटो टाकतो तेव्हा खाली काय लिहावं?

तारीख, जागा, इंजिनाची जात आणि नंबर, एवढं पुरे. तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण बिनतारखेचा फोटो पुढच्या पावसाळ्यात 'आजचा' म्हणून फिरतो. वाचता आला नाही तर नंबर लिहू नका, अंदाजाने तर अजिबातच नको. दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याला विचारून घ्या. आणि जुने फोटो असतील घरात, बाबा किंवा आजोबा महूच्या शेडला कामाला होते, अकोला लाइनवर गार्ड होते, तर ते प्लीज स्कॅन करा आणि मागे पेनने जे लिहिलंय त्या बाजूचाही फोटो घ्या. वायपी आणि वायजी इंजिनांचे दिवस या घाटातले, ज्यांनी कोळसा मारलाय ते लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याशी बोलून रेकॉर्ड करून ठेवा, मराठीत बोलतील तर मराठीत, माळवीत बोलतील तर माळवीत. इंजिनाची ही माहिती कुठल्याच पाटीवर नाहीये.

चांगल्या फोटोसाठी रुळावर उतरलं तर चालतं का?

नाही. पाताळपाणीला लोक सर्रास रुळावरून चालत धबधब्याकडे जातात, ते बेकायदेशीर आहे, रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड सोडा, घाटातल्या वळणावर उतारावरून येणारी गाडी चटकन थांबत नाही. पाताळपाणीला उताराच्या आधी गाडी थांबते, ब्रेक तपासतात, टंट्या मामांना, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लांना, नमस्कार करतात, तो वेळ फोटोला भरपूर असतो, प्लॅटफॉर्मवरून.

पानावरची माहिती चुकीची दिसली तर कुणाला सांगायचं?

ज्याने लिहिली त्याला, पुराव्यासकट. नुसतं 'चूक आहे' म्हणून उपयोग नाही, पाटीचा फोटो, तारीख, काय लिहिलंय आणि काय हवं ते नीट पाठवा. रेल्वेचं पान असेल तर विभागाच्या अधिकृत हँडलला. उत्तर आलं नाही तर परत पाठवा.

आम्ही वडोदऱ्याला असतो, भाऊ ग्वाल्हेरला. आमच्याकडे काय आहे?

खूप आहे! वडोदऱ्याजवळ डभोई–मियागाम ही गायकवाडांची लाइन, १८६२ ची, भारतातली पहिली नॅरो गेज, सुरुवातीला तर डबे बैल ओढायचे कारण रूळ हलके होते. डभोई पुढे नॅरो गेजचं फार मोठं जंक्शन झालं. प्रतापनगरला रेल्वेच्या जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत, मुलांना घेऊन जा. ग्वाल्हेरला शिंद्यांची दोन फुटी लाइट रेल्वे होती, श्योपूरपर्यंत जवळपास २०० किलोमीटर, २०२० मध्ये ती बंद पडली. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे ती भाऊंनी पाहिली असेलच, तिचे फोटो ऑनलाइन ढिगाने आहेत, पण श्योपूर लाइनच्या इंजिनांचे नंबरासकट, तारखेसकट फोटो फार कमी दिसतात. भाऊंकडे किंवा त्यांच्या ओळखीत कुणाकडे असतील तर ते आधी स्कॅन करायला सांगा.